वायसर

वायसरच्या खोक्यात सापडलं होतं पिल्लू,
चामड्याच्या काळ्या चकत्यांवर मुटकुळं करून,
पंचायत समितीच्या गोदामात, तेरा वर्षांमागं.
म्हणून नाव वायसर.
महानंदा म्हणाली, हे काय नाव झालं?
हाक मारली की पळत यायचा. मग झालंच नाव.

उदगीर, देवणी, जळकोट.
तीन तालुक्यांतले हातपंप आम्ही दोघांनी उघडले.
मी पाईप वर ओढायचो, एकेक, दहा दहा फुटी,
तो जीपच्या मागनं एका उडीत खाली,
गाव हुंगून परत येईपर्यंत माझं एक बेअरिंगसुद्धा निघालेलं नसायचं.

दसऱ्यानंतर त्यानं ओट्यावर चढणं सोडलं.
मला वाटलं, रुसला.
मी रिटायर झालो, जीप गेली, म्हणून.
शहाबादी फरशीवर मागचे पाय फाकायचे,
मग तो फरशीच टाळायला लागला,
भिंतीच्या कडेकडेनं जायचा, पाव्हण्यासारखा.
एकदा माझ्या गुडघ्याची अर्धी गोळी
भाकरीत चुरून दिली.
रात्रभर ओकला.

गुरांच्या कॉलेजात नुसरत नावाची पोरगी होती,
अजून शिकतच होती, एप्रनवर आयोडीनचा डाग.
गोळीचं ऐकून म्हणाली,
काका, माणसाची गोळी यांचं पोट जाळते, किडनी जाळते.
परत नाही.
मग त्याच्या खुब्यावर अंगठा दाबला.
वायसर ओरडला नाही.
तोंड फिरवून दाराकडं बघत बसला.
बघा, ती म्हणाली, हे असं सांगतात.

तीस वर्षं मी दांड्याचा आवाज ऐकून
लांबूनच सांगायचो, साखळी गेली का बेअरिंग.
आणि घरात, दोन महिने, काहीच ऐकलं नाही.

फोटोत खुब्याची वाटी खडबडीत,
खाऱ्या बोअरमधनं काढलेल्या पाईपासारखी.
बदलता येतं का, मी विचारलं, आतलं वायसर?
ती हसली, मग हसायची थांबली.
बदलायचं नाही काका. चालू ठेवायचं.

आधी वजन उतरवायचं होतं, तीन किलो.
त्याची दुपारची तुपाची भाकरी बंद झाली
आणि रडली महानंदा.
आता लपून काकडी देते,
मला दिसते, मी बघत नाही.
पोती उसवून, धुऊन
खाटेपासून दारापर्यंत अंथरली.
ओट्याच्या पायऱ्यांवर फळी टाकली,
फळीवर ट्यूबचं रबर, खिळे आत दाबून.
नुसरतनं दिलेलं औषध थेंब मोजून, पोट भरल्यावरच.
आणि थंडीत, रात्री,
मिठाची पुरचुंडी तव्यावर ठेवायची,
आधी आपल्या मनगटाला लावून बघायची,
मग त्याच्या खुब्याला.
डोळे मिटतो. उसासा टाकतो म्हाताऱ्यासारखा.
उरलेली ऊब माझ्या गुडघ्याला पुरते.

शेजारचा काशिनाथ दारातून बघतो,
कुत्र्याचं एवढं कामून करायलाव गा?
मी म्हणतो, चहा घे.

सकाळी उठायला तीनदा जोर करतो.
मी हात लावत नाही.
पहिली पावलं लाकडाची पडतात,
मागचा डावा ओढत येतो, बोळातली पोरं थांबून बघतात.
पण उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की
पहिले वीस-पंचवीस दांडे कोरडेच जातात,
हे मला ठाऊक आहे.
बाया घागर उचलून निघायच्या,
मी म्हणायचो, थांब माय, मारत राहा, येतंय.

विजेच्या खांबांवर मोजतो आम्ही.
पाय सुटले की त्याची शेपटी हलते,
परवा दुसऱ्या खांबापाशी हलली,
काल तिसऱ्या.
आज तिसरा मागं पडला,
मी पावलं आखडती घेतली,
चौथ्यापाशी.